'यूव्ही प्रोटेक्टेड' पॉलीकार्बोनेट शीट गच्चीवर टाकताय? खाली झाडं ठेवणार असाल तर आधी हे वाचा

मागच्या सप्टेंबरात गच्चीवर पॉलीकार्बोनेट शीटची शेड करून घेतली. १२ बाय २० फूट, ३ मिमीची सॉलिड क्लिअर शीट, त्यावर मोठ्या अक्षरात 'यूव्ही प्रोटेक्टेड', आणि पाइप-वेल्डिंग-मजुरी सगळं धरून ५८ हजार गेले. आता एक हिवाळा आणि एक सोलापूरचा उन्हाळा तिच्याखाली काढलाय म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव नाही लिहीत आणि बसवणाऱ्यांचंही नाही, कारण मला जो त्रास झाला तो शीट खराब निघाली म्हणून नाही झाला. शीटवर जे लिहिलंय तेच ती अगदी चोख करते, आणि माझ्या झाडांना नेमकं तेच नको होतं.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत, कोथिंबीर मेथी पालक तर नेहमीचंच, शिवाय वांगी, लाल माठ, सब्जा, काळी तुळस, आणि हिवाळ्यात हौस म्हणून लाल लेट्यूस. आधी काळी जाळी होती ५० टक्केवाली, ती चार वर्षांत फाटून लोंबायला लागली, आणि वर पाऊस आला की अत्यांचे वाळत घातलेले कपडे भिजायचे ते वेगळंच. म्हणून म्हणलं एकदाच पक्कं करून टाकू. माप घ्यायला आलेल्या माणसाला मी सरळ विचारलं की खाली झाडं आहेत, चालेल ना. तो म्हणाला, "वहिनी, यूव्ही प्रोटेक्टेड शीट आहे, झाडं करपणारच नाहीत, उलट फुलतील बघा." मला ते पटलं, कारण यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, वाईट, त्वचेला वाईट, डोळ्यांना वाईट, मग झाडांनाही वाईटच असणार असं आपण धरूनच चालतो ना.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. कपडे. अत्यांकडे दोन जुन्या सोलापुरी चादरी आहेत, गडद लाल आणि हिरव्या, त्या त्यांनी आजवर कधी उघड्या उन्हात टाकल्या नव्हत्या, सावलीतच वाळवायच्या. शीटखाली त्या सहा-सात वेळा तरी दिवसभर होत्या आणि रंग जसाच्या तसा. याउलट मुलाचा शाळेचा निळा शर्ट शेडच्या बाहेरच्या तारेवर रोज असतो, त्याचे खांदे दोन महिन्यांत विटले. पाण्याची टाकी, प्लास्टिकच्या बादल्या, पाइप, सगळं शीटखाली आल्यापासून कडक होऊन तडकायचं थांबलंय. एप्रिलात कुरडया, पापड, शेवया सगळं तिच्याखालीच झालं, धूळ नाही, पक्षी नाहीत. पावसात आवाज येतो पण पत्र्याइतका नाही.

बसवताना दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. एक म्हणजे शीटची बाजू. यूव्हीचा थर बहुतेक शीटला एकाच बाजूला असतो, त्या बाजूच्या फिल्मवर छापलेलं असतं कुठली बाजू वर ते. आमच्याकडे दोन शीट उलट्या लागल्या होत्या, मी खालून फिल्मवरची अक्षरं वाचली म्हणून कळलं, नाहीतर तीन-चार वर्षांत पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या असत्या. काढून पुन्हा लावून दिल्या, पण कुरकुर करत. दुसरं म्हणजे स्क्रूची भोकं. ही शीट उन्हात भरपूर फुगते, ३ मीटर लांबीला ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ८ मिमी वाढते, आणि आपल्याकडे पहाटे आणि दुपारी शीटच्या अंगाच्या तापमानात तेवढा फरक सहज पडतो. भोक स्क्रूच्या मापाचंच पाडलं तर शीट दुपारी कडकड वाजते आणि एक दिवस भोकाशी तडा जातो. मोठं भोक आणि स्क्रूखाली रबरी वॉशर, एवढं मागून घ्या.

आता झाडं. पालक, मेथी, कोथिंबीर मस्त आली, मोठी मोठी लुसलुशीत पानं, तक्रार नाही. गंमत लेट्यूसपासून सुरू झाली. नोव्हेंबरात लाल लेट्यूसचं बी टाकलं, झालरीसारख्या पानांचं, पाकिटावरच्या फोटोत कडा अगदी वाइनसारख्या. मागच्या तीन हिवाळ्यांत जाळीखाली ते तसंच यायचं. या वेळी डिसेंबर निम्मा झाला तरी पानं हिरवीगार, कडेला नीट बघितलं तर पुसटशी गुलाबी रेघ. मला वाटलं बी बदललं. मग वांग्याकडे लक्ष गेलं, जांभळी भरताची वांगी, त्यांचा रंग उतरल्यासारखा, मळकट जांभळा. आणि काळ्या तुळशीच्या नवीन पानांवर ती काळसर जांभळी झाक आलीच नाही, देठसुद्धा हिरवट, अत्या म्हणाल्या, "ही आपली तुळस न्हवंच, पांढरी लावलीस काय तू?" सब्जाचं पान चोळलं की वास येईना, म्हणजे यायचा पण हाताला राहायचा नाही. एकटा लाल माठ होता तसा लाल.

इथे मला शंका आली की शीटचंच काहीतरी आहे. आमच्या भाऊजींचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे, तिथे नोटा तपासायचं मशीन असतं, जांभळ्या उजेडाचं, तोच यूव्ही. शेडचा उरलेला हातभर तुकडा घेऊन गेले. ५०० ची नोट ठेवली, तिच्यातले बारीक तंतू मस्त चमकत होते, मधे खिडकीच्या काचेचा तुकडा धरला, तरी चमकत होते. मग शीटचा तुकडा धरला आणि खटकन बंद, नुसती नोट, चमक गायब, बटण बंद केल्यासारखं. भाऊजींनी चार वेळा करून बघितलं. आणि हा तुकडा हातात धरून बघाल तर काचेइतका स्वच्छ, आरपार सगळं दिसतं, कुणी सांगेल का की हा एवढं अडवतोय.

मग मी वाचायला लागले, आणि जे कळलं ते इथे माझ्या शब्दांत लिहिते कारण शीट विकणारा हे सांगत नाही. सूर्याचा यूव्ही तीन भागांत मोजतात, सगळ्यात तिखट यूव्ही-सी तर वर ओझोन आणि हवेतच संपतो, जमिनीपर्यंत येतच नाही. यूव्ही-बी म्हणजे लहरीची लांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर, तो थोडासा येतो. आणि यूव्ही-ए ३१५ ते ४००, जास्त वाटा त्याचाच. साधी काच यूव्ही-बी जवळजवळ सगळा अडवते पण यूव्ही-ए बराच सोडते, म्हणून नोट चमकली. ही शीट दोन्ही अडवते.

आणि झाडाला यूव्ही-बी नुसता सोसायचा नसतो, तो त्याला कळतो. पानांच्या पेशींत एक प्रथिन असतं, यूव्हीआर८ नावाचं, ते एरवी जोडीजोडीने चिकटून बसलेलं असतं. यूव्ही-बी पडला की जोडी सुटते, सुटं झालेलं प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन कामाला लागतं आणि तिथे रंगद्रव्यं बनवणारी जनुकं चालू होतात. यूव्ही-बी ओळखणारं प्रथिन हेच, हे २०११ मध्ये पक्कं झालं, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. मग पान काय बनवतं, तर फ्लॅव्होनॉइड, पानाच्या वरच्या सालीत भरून ठेवतं. यातले बरेचसे आपल्याला दिसतही नाहीत, बिनरंगी किंवा फिकट पिवळे, पण यूव्ही तेच शोषून घेतात, म्हणजे झाडाचं खरं सनस्क्रीन ते. आणि त्याच साखळीत पुढे अँथोसायनिन बनतं, म्हणजे आपल्याला दिसणारा लाल, जांभळा, काळसर रंग. लेट्यूसची कड, वांग्याची साल, काळ्या तुळशीचं पान, आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस रंग, सगळं हेच. म्हणजे माझ्या लेट्यूसला कुणी सांगितलंच नाही की वर ऊन आहे, मग ते कशाला रंग बनवेल? जी पुसट गुलाबी रेघ होती ती निळ्या उजेडामुळे, त्यानेही थोडा रंग येतो, पण थोडाच.

वांग्याचं तर घरच्या घरी बघता येतं. देठाची हिरवी टोपी हळूच उचला, तिच्याखाली जिथे ऊन पोचत नाही तिथली साल पांढरी असते, आणि टोपीच्या काठापासून एकदम जांभळी सुरू होते, आखून दिल्यासारखी. मी इतकी वर्षं वांगी चिरतेय, हे दिसत होतं पण कधी विचार केला नव्हता. जपानमध्ये वांग्याच्या हरितगृहावर यूव्ही अडवणारा प्लास्टिक कागद घालू नका असं शेतकऱ्यांना सांगतात, रंग येत नाही म्हणून.

आणि लाल माठ का टिकला, तर त्याचा लाल हा अँथोसायनिन नाहीच, ते वेगळंच घराणं, बीटालेन. बीट, बोगनवेल, राजगिरा, ड्रॅगन फ्रूट यांच्यात ते असतं, आणि ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन नसतं, दोन्ही एकत्र कधी सापडत नाहीत. माझ्या कुंड्यांत तरी त्याला शीटने काही फरक पडला नाही.

तरी मला वाटलं, उष्णतेमुळे असेल का, कारण गरम झालं की अँथोसायनिन कमी होतंच, आणि थंडीत वाढतं. म्हणून डिसेंबरच्या शेवटी एकाच पाकिटातली नऊ रोपं घेतली, एकच माती, एकच खत. तीन शीटखाली, तीन जुन्या काळ्या जाळीचा बरा तुकडा बांधून त्याच्याखाली, तीन उघड्यावर. शेडच्या चारही बाजू उघड्या आहेत त्यामुळे दुपारी थर्मामीटरवर एखाद-दोन अंशांचाच फरक यायचा. आता बघा, ५० टक्के जाळीखाली उजेड निम्मा, शीटखाली जवळजवळ पूर्ण, कारण क्लिअर शीट दिसणारा उजेड ८० टक्क्यांहून जास्त सोडते. म्हणजे उजेडाचाच प्रश्न असता तर जाळीवाली सगळ्यात फिकी पडायला हवी होती. जानेवारीच्या मध्यात सोलापूरची गड्ड्याची यात्रा आली तोवर उघड्यावरची गडद मरून, जाळीखालची कडेने छान लाल, आणि शीटखालची तिन्ही हिरवी, पण आकाराने सगळ्यात मोठी, लांब-लांब, ढिली. जाळी काय करते, तर भोकांतून जेवढं ऊन येतं तेवढं सगळ्या प्रकारचं येतं, यूव्हीसकट, फक्त कमी. शीट उजेड येऊ देते पण त्यातून नेमका तेवढा भाग काढून घेते. चवीतही फरक होता, उघड्यावरचं किंचित कडवट आणि करकरीत, शीटखालचं पाणचट. आमच्याकडे मुलांना पाणचटच आवडलं, ते असो.

यानंतर मी एक मोठी चूक केली, ती तुम्ही करू नका. जानेवारीच्या शेवटी लाल-जांभळ्या झाडांच्या सगळ्या कुंड्या एका रविवारी उचलून सरळ उघड्या उन्हात नेल्या. बुधवारी बघते तर लेट्यूसच्या पानांवर कागदासारखे पांढरे-तपकिरी चट्टे, तुळशीची वरची पानं भाजल्यासारखी, वांग्याची पानं मधोमध फिकी. फार वाईट वाटलं. ज्या पानांनी कधी यूव्ही बघितलाच नव्हता त्यांच्या सालीत ते सनस्क्रीन भरलेलंच नव्हतं, आणि मी त्यांना दुपारच्या उन्हात नेऊन बसवलं. यूव्ही-बी थोडा मिळाला तर पान तयारी करतं, पण तयारी नसताना एकदम मिळाला तर तोच हरितद्रव्याची यंत्रणा बिघडवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता मी सवय लावून नेते, पहिले चार दिवस सकाळी नऊपर्यंतच, मग अकरापर्यंत, मग जाळीखाली आठवडाभर, मग उघड्यावर. सकाळी ऊन तिरपं असतं, यूव्ही-बी हवेतून लांबून येताना बराच गळतो, दुपारी डोक्यावरून येतो तो खरा. अशी नेलेली एकही कुंडी भाजली नाही.

अजून एक गोष्ट शीटच्या बाजूने लिहायला हवी. पांढरी माशी या वर्षी वांग्यावर खरंच कमी होती. यूव्ही नसलेल्या जागेत तिला दिशा नीट कळत नाही, म्हणून बाहेरच्या देशांत भाजीच्या हरितगृहांवर मुद्दाम यूव्ही अडवणारा प्लास्टिक कागद घालतात. पण मधमाशीलाही यूव्ही दिसतो आणि लागतो, सूर्यफूल आपल्याला पूर्ण पिवळं दिसतं पण तिला पाकळ्यांचा आतला भाग गडद दिसतो, कारण तिथे यूव्ही शोषणारी फ्लॅव्होनॉइड असतात. माझ्या काकडीच्या वेलाला शीटखाली फुलं भरपूर आली, फळं धरेनात, शेवटी रोज सकाळी नरफूल तोडून मी हाताने लावत होते. वेल कठड्यावरून बाहेर सोडला तेव्हा बाहेरच्या फुलांना आपोआप काकड्या धरल्या.

जाळी घेणाऱ्यांसाठीही एक सांगते, कारण तोच शब्द तिथेही आहे. सांगोल्याला मामाची डाळिंबाची बाग आहे, उन्हाळ्यात फळं भाजू नयेत म्हणून तो ओळींवर पांढरं क्रॉप कव्हर घालतो. त्याच्या गठ्ठ्यावर 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' लिहिलेलं होतं, आणि मामाची पक्की समजूत होती की हे कव्हर यूव्ही अडवतं म्हणून महाग. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की ते कापड स्वतः यूव्हीने कुजून लवकर फाटणार नाही, जास्त टिकेल. पिकाला सावली किती मिळणार ते त्याच्या टक्क्यांवर आणि विणीवर. 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड', 'यूव्ही प्रोटेक्टेड', 'यूव्ही ब्लॉकिंग' हे तीन शब्द दुकानात सर्रास एकाच अर्थाने फेकतात, बिलावर लिहून घेताना नीट विचारा. ज्याला खरंच रंगाच्या भाज्या झाकून करायच्या आहेत त्याने यूव्ही सोडणारा हरितगृहाचा कागद मागावा, असा प्रकारही मिळतो, किंवा सरळ काळी किंवा पांढरी जाळी.

मार्क द्यायचे तर कपडे, टाकी, गाडी, पापड-कुरडया यासाठी पाचपैकी पाच. पालेभाजीला आणि कोवळ्या रोपांना चार, एक कमी कारण मार्चपासून पुढे क्लिअर शीटखाली इतकं तापतं की वर जाळी अंथरावीच लागते, एप्रिल-मेमध्ये मी तेच केलं. रंगाच्या आणि वासाच्या झाडांना एकच. आणि विकणाऱ्याच्या माहितीला शून्य, कारण मी विचारलं होतं, आणि त्याने न माहीत असताना हो म्हणून टाकलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं की वहिनी मला झाडांचं माहीत नाही, कुणाला तरी विचारून सांगतो. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात नर्सरीवाले आहेत, विचारायला माणसं कमी नाहीत सोलापुरात.

शेड मी काढून टाकली नाही, ५८ हजार घातलेत. पूर्वेकडच्या दोन शीट तेवढ्या उतरवल्या, तिथे ५० टक्के काळी जाळी ताणली, आणि उतरवलेल्या शीट खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर लावल्या, सीट तडकायची थांबेल. वांगी, तुळस, सब्जा सगळं आता जाळीखाली. सब्जाचा वास तीन आठवड्यांत परत आला. अभ्यास करणारे सांगतात की सब्जाच्या पानावरच्या तेलाच्या बारीक गाठी यूव्ही-बी मिळाल्याशिवाय नीट भरत नाहीत, ते नाकाला आधी कळलं होतं, वाचून नंतर समजलं.

तुळशीचं मात्र मी रोज सकाळी पाणी घालताना बघायचे. जुनी पानं हिरवीच राहिली, ती काही बदलली नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवशी शेंड्याला जी नवीन जोडी फुटली तिच्या खालच्या बाजूला शिरांना धरून जांभळट रंग दिसला, मग पुढची जोडी देठासकट काळसर आली. अत्यांना वर बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "हां, ही आपलीच की."